गळती कोणाची, भुर्दंड कोणाला?

महाराष्ट्रात सरकारी नोकरांच्या नियमित बदल्या एप्रिल-मे महिन्यांत व्हाव्यात असे २००५ च्या बदल्यांविषयीच्या कायद्याने ठरवून दिले आहे. शाळा-महाविद्यालयांचे वर्ष जूनमध्ये उघडते. बँका आणि इतर कचेऱ्यांतील माणसेही, मुलांच्या शाळेचा हिशेब मनाशी धरून, बहुधा याच सुमारास बिऱ्हाड हलवितात. सबंध राज्याला सोयीचा असा हा मुहूर्त लोणावळ्यात मात्र नेमका आडवा येतो. वर्षाकाठी सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या गावी नवा भाडेकरू सामानाचा टेम्पो घेऊन दाखल होतो, तो पावसाने पहिली सर टाकली असताना किंवा टाकण्याच्या बेतात असताना. घर त्याने पाहिलेले असते एप्रिलमध्ये, कोरड्या उन्हात, दलालाच्या सोबतीने आणि दहा मिनिटांत. नळ सोडून पाहिला तेव्हा टाकीत पाणी नव्हते. 'पाण्याचे काही नाही, दिवसातून दोनदा येते,' असे सांगण्यात आले आणि ते पुरेसे वाटले.

राहावयास आल्यावर पहिल्या आठवड्यातच घराची खरी ओळख पटू लागते. स्वयंपाकघरातील नळ घट्ट आवळला तरी ठिबकत राहतो. फ्लशच्या टाकीतील पाणी अखंड वाहते, आणि ते थांबविण्यासाठी खालची चावी बंद ठेवावी लागते. न्हाणीघराच्या जाळीतून दुर्गंधी येते व रात्री झुरळे वर चढतात. शयनगृहाच्या भिंतीला कोपऱ्यात ओल धरते आणि पंधरा दिवसांत रंगाचे पोपडे सुटतात. घरमालक मुंबईला असतो. तो दूरध्वनीवर सौजन्याने बोलतो आणि 'प्लंबर पाठवतो' म्हणतो. प्लंबर येत नाही. शेवटी भाडेकरू स्वतः प्लंबर शोधून आणतो, पाचशे-सातशे रुपये मोजतो, आणि पुढच्या महिन्याच्या भाड्यातून ते वळते करून घ्यावेत की नाही या विवंचनेत पडतो. वाद घातला तर अकरा महिन्यांनी करार पुन्हा होईल याची शाश्वती नसते.

हे गाऱ्हाणे घरोघरीचे आहे आणि वरवर पाहता क्षुल्लकही आहे. परंतु ज्या प्रश्नात कायदा, मालमत्ता आणि निसर्ग या तिघांचे धागे गुंतलेले असतात, तो प्रश्न किरकोळ म्हणून सोडून देणे बरे नव्हे. लोणावळ्यात तर हे धागे अधिकच स्पष्ट दिसतात.

याचे पहिले कारण तेथील घरांच्या स्वरूपातच आहे. भोर घाटाची रेल्वे १८६३ साली सुरू झाली तेव्हापासून मुंबईकरांसाठी लोणावळा-खंडाळा हे हवा खाण्याचे ठिकाण बनले. २००२ साली द्रुतगती महामार्ग पूर्ण झाल्यावर ते शनिवार-रविवारचे ठिकाण झाले. साहजिकच तेथील सदनिकांपैकी पुष्कळशा दुसरे घर म्हणून विकत घेतलेल्या आहेत. मालक वर्षातून थोडे दिवस येतात आणि उरलेले दिवस दाराला कुलूप असते. पुढे केव्हातरी, मुले मोठी झाल्यामुळे वा हौस फिटल्यामुळे, ती सदनिका भाड्याने देण्याचा विचार होतो. भाडेकरूच्या वाट्याला येते ते हे बंद राहिलेले घर.

बंद घर जसेच्या तसे राहते अशी सर्वसाधारण समजूत आहे, आणि ती साफ चुकीची आहे. न्हाणीच्या जाळीखाली जो वळणदार सापळा असतो, त्यात सुमारे पन्नास मिलिमीटर पाणी सदैव उभे असावे लागते. हे पाणी म्हणजेच गटारातील वायू आणि घर यांच्यामधला पडदा होय. मोरीत काही आठवडे पाणी पडले नाही की उन्हाळ्यात हा पडदा वाळून जातो, आणि दुर्गंधी व झुरळे यांना मार्ग मोकळा होतो. नळातील रबरी वायसर ओला असतो तोपर्यंत लवचिक राहतो. कोरडा पडला की कडक होऊन चिरतो. जुन्या लोखंडी पाइपात साचून राहिलेले पाणी आतून गंज धरते. पुढे पाणी खेळू लागले म्हणजे त्या गंजाचे कण सुटतात आणि नळाच्या तोंडाशी किंवा गीझरच्या झडपेत अडकतात. ज्या दोषांचा ठपका नव्या भाडेकरूच्या 'वापरा'वर ठेवला जातो, त्यांतील कित्येक दोष प्रत्यक्षात आधीच्या दोन वर्षांच्या न-वापराचे असतात.

पाण्याच्या दाबाचीही गोष्ट अशीच. दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम दाब देतो. गच्चीवरील टाकीपासून तळमजल्याचा नळ बारा-पंधरा मीटर खाली असेल, तर तेथे धार जोराची असते. सर्वांत वरच्या मजल्यावरील नळ टाकीखाली जेमतेम तीन मीटरवर असतो, म्हणजे दाब तळमजल्याच्या एक-पंचमांशाच्या आसपास. त्यात अर्ध्या इंची पाइप गंजाने निम्मा भरलेला असेल तर वरच्या मजल्यावर गीझरमधून येणारी धार करंगळीएवढी होते. याला वरचा भाडेकरू जबाबदार नाही, खालचाही नाही. तो इमारतीच्या रचनेचा भाग आहे. तरीही वरच्या मजल्याचे भाडे कमी असते असे नाही. उलट 'डोंगर दिसतो' म्हणून ते अधिक असते!

ज्या गावी चार महिने आभाळ फाटते तेथे नळाला धार नसावी, हा विरोधाभास मावळाला नवीन नाही. टाटांच्या जलविद्युत योजनेने लोणावळा, वळवण, शिरोता ही धरणे भरून घेतली आणि १९१५ पासून ते पाणी घाटाखाली खोपोलीला सोडून मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरविली. पवनेचे पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊर येथे जे आंदोलन झाले, त्यात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. पाइपातून कोणाचे पाणी कोणाकडे जावे हा या तालुक्यात प्राणांतिक प्रश्न ठरलेला आहे. भाड्याच्या घरातील ठिबकणारा नळ त्या प्रश्नाच्या मानाने नगण्य खरा. पण सेकंदाला एक थेंब या गतीने ठिबकणारा नळही दिवसाला साधारण वीस लिटर पाणी वाया घालवितो, आणि त्याची दुरुस्ती कोणी करावयाची हे ठरलेले नसल्यामुळे तो महिनोन्महिने ठिबकत राहतो.

हे का ठरलेले नाही, याचे उत्तर भाडेनियंत्रणाच्या इतिहासात शोधावे लागते. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाणभाड्याची कल्पना १ सप्टेंबर १९४० च्या भाड्याशी जखडून ठेवली. युद्धोत्तर टंचाईत लाखो बिऱ्हाडांना त्याने छप्पर टिकवून दिले, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु चाळीस रुपये भाड्यात चाळीस वर्षांनंतरचा प्लंबर येत नाही. मालकांनी दुरुस्त्या थांबविल्या, इमारती खचू लागल्या, आणि अखेर १९६९ च्या कायद्याने मुंबईतील जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी उपकर बसवून मंडळ स्थापन करावे लागले. मालकाचे कर्तव्य अशा रीतीने सार्वजनिक खजिन्याच्या गळ्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली मलपे विश्वनाथ आचार्य खटल्यात, इतकी वर्षे गोठवून ठेवलेले भाडे आता वाजवी राहिलेले नाही, असा निर्वाळा दिला. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आला व ३१ मार्च २००० पासून अमलात आला.

दरम्यान १९७३ साली आणखी एक गोष्ट घडली होती. भाडेकरू म्हणून न ठेवता 'लिव्ह अँड लायसन्स'वर ठेवलेल्या, म्हणजे केवळ राहण्याचा परवाना दिलेल्या लोकांनाही, ते १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असतील तर, कायद्याने भाडेकरू ठरविले. त्या एका दुरुस्तीचा धसका मालकवर्गाने जो घेतला तो आजतागायत गेलेला नाही. आयुष्यभराच्या पुंजीतून एखादी सदनिका घेतलेला निवृत्त शिक्षक ती रिकामी ठेवणे पसंत करतो आणि भाड्याने देणे टाळतो, याचे मूळ त्या धसक्यात आहे. १९६१ साली देशातील नागरी कुटुंबांपैकी निम्म्याहून अधिक कुटुंबे भाड्याच्या घरात राहत होती. २०११ च्या जनगणनेत हे प्रमाण सुमारे साडेसत्तावीस टक्क्यांवर आले. यामागे कर्जाची सोय, मालकीची हौस अशी इतरही कारणे आहेत. परंतु त्याच जनगणनेत देशाच्या नागरी भागात एक कोटी दहा लाखांहून अधिक घरे रिकामी आढळली आणि त्यांत महाराष्ट्राचा वाटा सर्वांत मोठा होता, हे विसरून चालणार नाही.

नव्या कायद्याने मालकाचा धसका घालविण्याचा प्रयत्न केला. कलम २४ नुसार परवान्याची मुदत संपली की परवानाधारकाने घर सोडले पाहिजे; न सोडल्यास मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन त्वरित कारवाईने ताबा मिळवू शकतो, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट आकार वसूल करू शकतो. लेखी करारातील मजकूर हा निर्णायक पुरावा मानला जातो. कलम ५५ ने करार लेखी असणे व त्याची नोंदणी होणे बंधनकारक केले, व त्याची जबाबदारी मालकावर टाकली. हे सर्व योग्यच झाले. मालकाला घर परत मिळण्याची खात्री नसेल तर घर भाड्याने निघणारच नाही.

परंतु याच कायद्यात कलम १४ आहे. विरुद्ध करार नसेल तर जागा राहण्यायोग्य ठेवणे मालकावर बंधनकारक आहे, असे ते सांगते. मालकाने टाळाटाळ केली तर किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करावी व खर्च भाड्यातून वळता करावा. मात्र एका वर्षात ही वजावट वार्षिक भाड्याच्या एक-चतुर्थांशाहून अधिक असू नये. समजा महिना बारा हजार भाडे आहे, तर वर्षाला छत्तीस हजारांपर्यंतची दुरुस्ती भाडेकरू करवून घेऊ शकतो. नळ, फ्लश आणि मोरी यांना ही रक्कम पुरून उरेल. मग अडचण कुठे आहे? ती 'भाडेकरू' या शब्दात आहे. कलम १४ चा लाभ भाडेकरूला आहे आणि आज सदनिकेत राहणारा बहुसंख्य मध्यमवर्ग कायद्याच्या भाषेत भाडेकरू नाहीच. तो परवानाधारक आहे. तो दरमहा जे देतो ते सर्वजण भाडे म्हणत असले तरी करारात त्याला परवाना शुल्क म्हटलेले असते, आणि या शब्दांतराबरोबर कलम १४ त्याच्या हातून निसटते.

त्याच्या हाती उरतो तो १८८२ चा सुविधाधिकार कायदा. परवाना देणाऱ्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला ठाऊक नसलेला, जीवितास वा मालमत्तेस धोकादायक असा दोष त्याने आधी सांगितला पाहिजे, एवढे बंधन त्यात आहे. छताचा तुटका सज्जा त्यात बसेल. चिरलेला वायसर आणि वाळलेली मोरी त्यात कशी बसावी? थोडक्यात, मालकाला घर परत मिळविण्यासाठी जलद रस्ता बांधून देण्यात आला, आणि त्या घरात राहणाऱ्याला नळ दुरुस्त करून घेण्यासाठी दिवाणी न्यायालयाची पायवाट तेवढी ठेवण्यात आली. सातशे रुपयांच्या कामासाठी ती पायवाट कोणी तुडवीत नाही.

अर्थशास्त्रात याला एक नाव आहे. ज्याने खर्च करावयाचा आणि ज्याला त्याचा लाभ व्हावयाचा, ती माणसे वेगळी असली की खर्च होतच नाही. मालकाला ओल सोसावी लागत नाही, म्हणून त्याला घाई नाही. भाडेकरूला अकरा महिन्यांपलीकडचे दिसत नाही, म्हणून तो सांध्यावर चिंधी गुंडाळतो किंवा चिकट लेप थापतो. पाइप बदलण्यात त्याला काय स्वारस्य? शिवाय दोघांच्या माहितीतही अंतर आहे. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले, की विकणाऱ्याला दोष ठाऊक असतो आणि घेणाऱ्याला नसतो अशा बाजारात चांगल्या मालाला त्याची किंमत मिळत नाही. भाड्याच्या घरांचा बाजार या वर्णनात तंतोतंत बसतो. ज्या मालकाने सर्व पाइप बदलून घेतले आहेत त्याला शेजारच्या गळक्या घराएवढेच भाडे मिळते, कारण भिंतीच्या आतले कोणालाच दिसत नाही. मग पुढच्या खेपेस तोही पाइप बदलीत नाही.

लोणावळ्यातील खरा तंटा मात्र नळाचा नाही, ओलीचा आहे. भिंतीतील ओल पावसाची आहे की पाइपाची, यावर खर्च कोणाचा हे अवलंबून असते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीची गळती, पावसाच्या पाण्याची गळती आणि सामाईक बाहेरच्या नळांची व सांडपाण्याच्या वाहिन्यांची दुरुस्ती संस्थेने करावयाची. सदनिकेच्या आतील नळ, संडास, मोरी यांची गळती सदस्याने स्वखर्चाने थांबवावयाची. कागदावर हे विभाजन स्वच्छ आहे. जुलै महिन्यात, चोवीस तास पाऊस कोसळत असताना, खालच्या मजल्यावरील छताला धरलेली ओल वरच्या न्हाणीघरातून आली की बाहेरच्या भिंतीतून झिरपली, हे कोणी सांगावे? संस्था म्हणते, वरच्या सदनिकेचा दोष. वरचा मालक म्हणतो, पावसाचा दोष. खालचा शेजारी रोज संध्याकाळी जिना चढून येतो आणि तक्रार करतो ती वरच्या भाडेकरूकडे, कारण तोच एकटा घरी सापडतो.

निदान करणे अशक्य असते असे नाही. घरातील सर्व तोट्या बंद करून मीटर पाहावा. मीटर नसेल तर टाकीकडून येणारी चावी रात्रभर बंद ठेवून ओल वाढते का हे पाहावे. दाबाखालील पाइप फुटला असेल तर चावी बंद असताना ओल वाढणे थांबते. मोरीत रंगीत पाणी ओतून तो रंग खाली उतरतो का हे पाहता येते. परंतु पावसाळ्यात या प्रत्येक चाचणीत पावसाचे पाणी मिसळते. खात्रीचा पुरावा मिळतो तो ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, भिंत एकदा वाळल्यावर. तोवर कित्येकदा खालच्या शेजाऱ्याला रंगकामाचा खर्च देऊन मालकाने प्रकरण मिटविलेले असते, आणि तो खर्च अनामत रकमेतून वजा होणार असल्याचे भाडेकरूला परस्पर कळविलेले असते.

संस्थेची भूमिकाही येथे तपासली पाहिजे. सदनिका भाड्याने दिली की संस्था मालकाकडून बिनभोगवटा शुल्क घेते. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने त्यावर सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांची मर्यादा घातली. हे शुल्क मालक बहुधा भाड्यातच मिळवून घेतो. म्हणजे ज्याला सर्वसाधारण सभेत बोलण्याचा अधिकार नाही तोच अखेर ते भरतो, आणि गच्चीच्या जलरोधनाचा विषय ज्या सभेत पुढे ढकलला जातो त्या सभेत त्याला बसताही येत नाही. दुसऱ्या घरांच्या गावी तर सभेला गणसंख्याच जमत नसेल तर नवल नाही. सदस्य मुंबईत, इमारत लोणावळ्यात!

केंद्र सरकारने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर करून राज्यांकडे पाठविला. त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत दुरुस्त्यांची चक्क वाटणी करून दिली आहे. इमारतीच्या सांगाड्याची दुरुस्ती, रंगसफेदी, पाइप बदलणे आणि विजेच्या तारा हे मालकाकडे. तोट्या व त्यांचे वायसर, मोरी साफ करणे, संडासाचे भांडे, बेसिन आणि गीझर यांची दुरुस्ती भाडेकरूकडे. मालकाने आपला वाटा टाळला तर खर्च भाड्यातून कापता येईल, पण एका महिन्यात निम्म्या भाड्याहून अधिक नव्हे. निवासी जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक असू नये असेही त्यात आहे. घरभाड्याचा विषय राज्यांच्या अखत्यारीतील असल्यामुळे विधानसभेने स्वीकारल्याशिवाय हा मसुदा येथे कायदा होत नाही. तरीही दुरुस्ती कोणाची हे एकदाचे लिहून काढण्याची त्यातील कल्पना उचलण्याजोगी आहे.

या वाटणीत एक उणीव मात्र आहे, आणि ती लोणावळ्यासारख्या गावी ठळक होते. वायसर भाडेकरूने बदलावा, हे दोन वर्षे वापरलेल्या नळाच्या बाबतीत न्याय्य आहे. दोन वर्षे बंद राहिलेल्या घरातील सहा नळांचे वायसर, वाळलेली मोरी आणि गंजाने तुंबलेला गीझर हे राहावयास आल्याच्या पहिल्याच महिन्यात त्याच्या माथी मारणे म्हणजे मालकाच्या घराची थकलेली देखभाल त्याच्याकडून वसूल करणे होय. भाडेकरूची जबाबदारी सुरू होण्यापूर्वी घर चालू स्थितीत असले पाहिजे, आणि ते तसे होते हे दोघांच्या सहीने नोंदले गेले पाहिजे. आज नोंदविल्या जाणाऱ्या करारांत पंखे किती, दिवे किती, खिडक्यांचे पडदे किती हे बारकाईने लिहिले जाते. कोणता नळ गळतो, कोणत्या भिंतीला किती ओल आहे, फ्लश चालतो की नाही, याची यादी क्वचितच जोडली जाते. लेखी करार हाच निर्णायक पुरावा असताना ही यादी नसणे परवानाधारकाला फार महाग पडते, कारण घर सोडताना जे काही बिघडलेले दिसेल ते त्यानेच बिघडविले, असे गृहीत धरायला मालक मोकळा राहतो.

मालकांच्या बाजूने असे म्हटले जाते की दुरुस्तीचे बंधन घातले तर भाडी वाढतील. काही प्रमाणात वाढतीलही. परंतु आजही तो खर्च कोणीतरी करतोच आहे. फरक इतकाच की तो तुकड्यातुकड्याने, उशिरा आणि अधिक नुकसान झाल्यावर केला जातो. वेळीच बदललेला सांधा काहीशे रुपयांत होतो. तोच वर्षभर झिरपत राहिला तर फरशी उखडावी लागते, सळया गंजतात आणि खालच्या घराचे छतही रंगवावे लागते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वजावटीचा अधिकार दिला तर काही भाडेकरू खोटी बिले दाखवून भाडे बुडवतील, अशी भीती मालकांना वाटते. म्हणूनच कलम १४ मध्ये नोटीस आणि वार्षिक मर्यादा या दोन्ही अटी आहेत, आणि परवानाधारकाला तो अधिकार देताना मर्यादा याहून खाली, उदाहरणार्थ एका महिन्याच्या शुल्काएवढी, ठेवण्यास हरकत नसावी.

यासाठी नवे न्यायालय वा नवे खाते काढण्याची आवश्यकता नाही. कलम २४ खालील अर्ज ऐकणारा सक्षम प्राधिकारी आजही नेमलेला आहे. घर खाली करून देण्याचा अर्ज तो ऐकतो. त्याच करारातून उद्भवणारे दुरुस्तीचे व अनामत रकमेचे अर्जही त्याने ऐकावेत अशी दुरुस्ती विधिमंडळाला करता येईल, आणि चालू स्थितीची यादी हा नोंदणीच्या नमुन्याचा सक्तीचा भाग करणे तर नोंदणी खात्यालाही कठीण नाही. ते होईपर्यंत येत्या जूनमध्ये लोणावळ्यात बिऱ्हाड मांडणाऱ्याने किल्ली घेण्यापूर्वी टाकी भरवून घ्यावी, प्रत्येक नळ व फ्लश चालवून पाहावा, मोरीत बादलीभर पाणी ओतावे, भिंतींची तारखेसह छायाचित्रे घ्यावीत आणि त्या सर्वांची यादी मालकाच्या सहीने करारालाच जोडावी. मालक सही करावयास तयार नसेल, तर ते दुसऱ्या दिवशी लेखी कळवून त्याची पोच जपून ठेवावी.